घरच्या कॉम्प्युटरपर्यंतची वाट नेमकी कुठे अडते?

महिन्याची २० तारीख. कोल्हापुरातला एक करसल्लागार इचलकरंजीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लॅपटॉप उघडून बसला आहे, असं डोळ्यांसमोर आणावं. जीएसटीआर-३बी भरायची आज शेवटची तारीख आणि लागणारे सगळे हिशेब घरच्या कॉम्प्युटरवरच्या टॅलीत. लॅपटॉपवर व्हीपीएनचं बटण हिरवं झालंय, ‘कनेक्टेड’ अशी अक्षरंही दिसताहेत. पण रिमोट डेस्कटॉप उघडायला गेलं की गोल चक्र फिरत राहतं आणि शेवटी जोडणी झाली नाही असा निरोप येतो. मग घरी फोन जातो.

“अरे, कॉम्प्युटर चालू आहे का बघ जरा.”

“चालू आहे की बाबा. दिवा लुकलुकतोय.”

उत्तर त्या लुकलुकण्यात आहे. पुष्कळ कॉम्प्युटरांवर पॉवरचा दिवा स्थिर असला तर यंत्र जागं असतं. मंद लुकलुकत असला तर ते वीजबचतीच्या सेटिंगप्रमाणे झोपलेलं असतं. झोपलेलं यंत्र बाहेरून आलेल्या जोडणीला उत्तर देत नाही. मुलाने कीबोर्डवरचं एखादं बटण दाबलं की काम होतं.

सगळ्या अडचणी इतक्या स्वस्तात सुटत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरून काम करणाऱ्यांची संख्या कोविडच्या टाळेबंदीनंतर खूप वाढली, आणि ‘व्हीपीएन चालत नाही’ ही तक्रारही. प्रत्यक्षात या एका वाक्यामागे पाच-सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. व्हीपीएन काढून पुन्हा टाकत बसण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आपला निरोप कुठपर्यंत पोचला? घराच्या दारापर्यंत, दाराच्या आत, की थेट कॉम्प्युटरपर्यंत? तिन्ही ठिकाणचे उपाय वेगळे असतात.

आधी दाराबद्दल. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या वर्दळीतून काढलेला एक बंदिस्त बोगदा. त्याचं एक तोंड प्रवासातल्या लॅपटॉपवर आणि दुसरं घरच्या राउटरवर किंवा कॉम्प्युटरवर. (परदेशी संकेतस्थळं पाहण्यासाठी विकत मिळणारी व्हीपीएन सेवा ही वेगळी गोष्ट. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी ग्राहकांच्या नोंदी ५ वर्षं जपण्याचा आदेश काढला, तो अशी सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी. स्वतःच्या घरापर्यंत स्वतः काढलेल्या बोगद्याशी त्याची गल्लत नको.) बोगदा घरापर्यंत न्यायचा तर घराला इंटरनेटवर पत्ता हवा, आणि भारतात बहुतेकदा घोडं इथेच पेंड खातं.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. आशिया-प्रशांत भागासाठी पत्ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून अनेक इंटरनेट कंपन्या एकच पत्ता कितीतरी घरांना मिळून देतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या सोसायटीचं चित्र इथे नीट लागू पडतं. फाटकावरचा वॉचमन आतल्या माणसाने मागवलेलं पार्सल बरोबर त्याच्या फ्लॅटवर धाडतो, कारण मागणीची नोंद त्याच्या वहीत असते. पण कोणी आपण होऊन आलं आणि फ्लॅट नंबरच सांगू शकलं नाही, तर त्याला फाटकावरूनच परतावं लागतं. बाहेरून घराकडे येणारी व्हीपीएनची हाक ही अशीच, न मागवलेली. घरातल्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक ठरावीक कॉम्प्युटरकडे वळवणं) कितीही काळजीपूर्वक केलं तरी उपयोग होत नाही, कारण हाक त्या राउटरपर्यंत येतच नाही.

आपलं घर सीजीनॅटमागे आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहावा आणि त्याच वेळी ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता पाहावा. दोन्ही सारखे असतील तर घराला स्वतःचा पत्ता आहे. वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर सीजीनॅटची खात्री बाळगावी. तो पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात.

यातून मार्ग आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर आयपी घेता येतो. आयपीव्ही६ दोन्ही टोकांना असेल तर त्यावरून जाता येतं, मात्र राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी वाट उघडावी लागते. घरगुती वापरासाठी सर्वांत सोयीचा मार्ग टेलस्केल किंवा झिरोटियरसारख्या साधनांचा. त्यात घरचा कॉम्प्युटर आणि लॅपटॉप दोघेही आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे दोन्हीकडच्या वॉचमनच्या वहीत नोंद होते आणि मग दोघांची गाठ घालून दिली जाते. थेट गाठ पडली नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत, थोड्या कमी वेगाने, काम चालतं. दोघांच्याही मोफत योजना घरच्या कामाला पुरतात.

घराला स्वतःचा पत्ता असला तरी राउटर बंद होऊन सुरू झाला की तो बदलू शकतो. काल चाललेलं आज चालत नसेल तर आधी हेच तपासावं. डायनॅमिक डीएनएस लावून ठेवलं की बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव मिळतं.

दारापर्यंत पोचल्यावर कुलूप. सध्या सर्वांत पसंतीचं व्हीपीएन म्हणजे जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं वायरगार्ड; मार्च २०२० मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात सामील झालं. त्याचा एक स्वभाव नवख्यांना चक्रावून टाकतो. किल्ली चुकीची असेल तर ते चूक दाखवत नाही, नकारही देत नाही, पूर्ण गप्प राहतं. दाराशी कोणी राहतं हेच परक्याला कळू नये, म्हणून ते तसं घडवलेलं आहे. त्यामुळे हिरव्या बटणावर विसंबू नये. दोन्ही टोकांची ओळख शेवटची केव्हा पटली हे सांगणारी ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ बघावी. तिथे काही सेकंदांपूर्वीची वेळ असेल तर बोगदा पक्का आहे आणि बिघाड पुढे कुठेतरी आहे. ओळच दिसत नसेल तर पत्ता, पोर्ट किंवा किल्ली यांत गडबड. ओपनव्हीपीएन वापरणाऱ्यांनी घड्याळही पाहावं. जुन्या कॉम्प्युटरचा सेल संपून तारीख मागे गेली असेल, तर प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं समजून ते जोडणी नाकारतं.

आता कोल्हापूर आणि इचलकरंजी. समजा, घरच्या राउटरने कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० हा पत्ता दिलाय, आणि कारखान्याच्या वायफायवरही सगळे पत्ते १९२.१६८.१ नेच सुरू होतात. लॅपटॉपला घरचा कॉम्प्युटर हवा असतो, पण हा पत्ता इथलाच आहे असं समजून तो त्याला कारखान्याच्या नेटवर्कवर शोधत राहतो. हँडशेक होतो, बटण हिरवं असतं, आणि समोर कोणीच नसतं! ही चूक फार जणांचा दिवस खाते. घरच्या राउटरचा पट्टा बदलून १९२.१६८.७३ असा आडवळणाचा करून टाकला की ही डोकेदुखी मिटते.

शेवटचा टप्पा विंडोजचा. होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आत येण्याची सोयच नाही. त्यासाठी प्रो लागते, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर. घरचा कॉम्प्युटर म्हणून खात्याला पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज दुरून प्रवेश देत नाही. रोज टाकायचा चार आकडी पिन तिथे चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. सामायिक फोल्डर उघडत नसेल तर फायरवॉलकडे पाहावं. घरच्या नेटवर्कसाठी असलेला तिचा नेहमीचा नियम फक्त त्याच पट्ट्यातल्या यंत्रांना आत घेतो, आणि बोगद्यातून आलेला लॅपटॉप तिला परका वाटतो. पिंग जातंय, लॉगिनही होतंय, पण पडदा काळा राहतोय किंवा मोठी फाइल मध्येच अडकतेय, असं असेल तर माहितीचं पाकीट वाटेत मावत नसतं. वायरगार्डमध्ये एमटीयूचा, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराचा, आकडा १२८० करून पाहावा.

इतक्या खटपटी करून कंटाळलेला माणूस एक भलताच सोपा उपाय करतो. व्हीपीएन बाजूला ठेवून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट सगळ्या जगासाठी उघडतो. हे कृपा करून करू नये. अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधला ‘ब्लूकीप’ हा दोष उघडकीला आला, त्यात पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येत होतं. धोका इतका मोठा होता की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. करसल्लागाराच्या कॉम्प्युटरवर शेकडो लोकांचे पॅन, बँकेचे तपशील आणि हिशेब असतात. एका संध्याकाळच्या घाईपायी ते पणाला लावण्याचा अधिकार त्याला नाही.

विजेचंही पाहून ठेवावं. भारनियमनात किंवा वळवाच्या पावसात वीज गेली आणि आली, तरी बंद पडलेला कॉम्प्युटर सहसा आपण होऊन सुरू होत नाही. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर यंत्र सुरू करण्याची सोय असते, ती चालू करावी. राउटरला छोटा यूपीएस द्यावा.

आणि हे सगळं गावाला निघायच्या आदल्या दिवशी घरीच तपासावं, पण घरच्या वायफायवरून नव्हे, कारण तिथून सगळंच चालतं. फोनचं वायफाय बंद करून त्याच्या मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट लावावा, लॅपटॉप त्याला जोडावा आणि शेजारच्या खोलीतला आपलाच कॉम्प्युटर बाहेरच्या माणसासारखा उघडून बघावा.