दगडफुलाची चुलत भावंडं

गोडा मसाला करताना दगडफूल तेलात पडलं की स्वयंपाकघरभर जो वास सुटतो, तो दुसऱ्या कशाचाच नाही. मातीचा म्हणावा तर मातीचा नाही, धुराचा म्हणावा तर धूर अजून झालेला नसतो. पुडीतून काढलं तेव्हा तो करडा-काळा, चुरगळल्या कागदासारखा पापुद्रा होता, वास असून नसल्यासारखा. नाव दगडफूल, पण ते फूल नाही की झाडाचं पान नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी दगडावर नाहीतर झाडाच्या सालीवर थाटलेला तो संसार. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला लायकेन म्हणतात.

याच कुळातलं एक चुलत भावंड स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकच्या तोंडावर असलेल्या आउटर हेब्रिडीज बेटांवर राहतं. तिथल्या गेलिक भाषेत त्याला क्रॉटल म्हणतात. ते मसाल्यात पडत नाही, लोकरीला चढतं. आणि वास त्यालाही आहे.

या बेटांतल्या लुइस आणि हॅरिसची नावं दोन असली तरी जमीन एकच. झाडं फार कमी. दगड, दलदल आणि वारा भरपूर. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, बायका जुने चमचे घेऊन दगडांवरचं क्रॉटल खरवडायला जात. पाऊस पडून गेलेला बरा, कारण कोरड्या दगडावर ते घट्ट चिकटून बसतं आणि नुसता भुगा होतो. भिजलं की पापुद्र्यासारखं सुटून येतं. पोतंभर गोळा करायचं तर दिवस मोडतो.

रंगकाम घराबाहेर, ओढ्याकाठी. तीन पायांचं लोखंडी भांडं, खाली दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचा जाळ. भांड्यात थर लावायचे: एक थर क्रॉटलचा, एक धुतलेल्या लोकरीचा, पुन्हा क्रॉटल, पुन्हा लोकर. आपण दमबिर्याणी लावतो तसंच. साधारण लोकरीच्या वजनाइतकं क्रॉटल लागतं. वरून ओढ्याचं पाणी आणि मग तासन् तास उकळणं. थोडा वेळ ठेवलं तर पिवळट तपकिरी, जास्त ठेवलं तर तांबूस, आणखी ठेवलं तर गंजल्या लोखंडाचा गडद रंग. शेवटी लोकर ओढ्यात खळबळून, वाळवून, झटकायची. अडकलेला चुरा तेव्हाच पडतो.

नैसर्गिक रंगकाम ज्यांनी केलंय त्यांना इथे एक गोष्ट खटकेल. तुरटी कुठे गेली? हिरडा, हिराकस? यांतलं काहीच लागत नाही. मंजिष्ठेचा रंग तुरटीवाचून कापडावर धरत नाही, पण क्रॉटलमधली आम्लं उकळताना लोकरीच्या प्रथिनांना थेट जाऊन बिलगतात. गरिबाघरच्या रंगाला हे फार सोयीचं. दुकानातून आणायचं काहीच नाही.

रंगवायची ती न कातलेली लोकर. मग तिच्यात पांढरी किंवा दुसऱ्या रंगाची लोकर मिसळून सूत कातलं जाई. हॅरिस ट्वीड या इथल्या लोकरी कापडाचा कोट लांबून तपकिरी दिसतो आणि नाकाजवळ नेला की त्यात केशरी, करडे, पांढरे तंतू दिसतात, ते यामुळे. नाकाजवळ नेल्यावर आणखी एक कळायचं, वास. क्रॉटल आणि पीटचा धूर मिळून झालेला तो वास हीच शहरातल्या गिऱ्हाइकाची अस्सलपणाची खूण होती.

कोळ्यांचं मत मात्र वेगळं. क्रॉटलनं रंगवलेले मोजे घालून ते समुद्रावर जात नसत. क्रॉटल दगडावरून आलेलं, ते परत दगडाकडे ओढ घेतं, आणि खडकाळ किनाऱ्याच्या समुद्रात याचा अर्थ काय होतो ते कोळ्याला सांगावं लागत नाही.

लायकेनच्या दुसऱ्या घराण्याचा वास याहून उग्र. काही जातींमध्ये रंग तयार नसतो, फक्त त्याची बिनरंगी सामग्री असते. ती अमोनियात भिजवून, हवा लागू देत, रोज ढवळत काही आठवडे ठेवली की जांभळा रंग उमलतो. आणि कारखाने येण्याआधी घरात अमोनिया कुठून आणायचा? शिळ्या लघवीतून. घरोघरी पिंप असायचं. त्यात लाज काही नव्हती. विणलेलं ट्वीड घट्ट करायलाही तीच वापरत, आणि बायका फळीभोवती बसून, गाणी म्हणत, ते ओलं कापड आपटत.

या जांभळ्याचा धंदा स्कॉटलंडमध्ये उभा राहिला. कथबर्ट गॉर्डन यानं १७५८ मध्ये या रंगाचं पेटंट घेतलं आणि कथबर्टवरूनच रंगाला ‘कडबेअर’ नाव पडलं. पुढे १७७७ मध्ये जॉर्ज मॅकिंटॉश यानं ग्लासगोत कारखाना काढला. कृती फुटू नये म्हणून भोवती उंच भिंत, आणि आत कामाला गेलिक बोलणारे डोंगराळ भागातले मजूर. बाहेर गप्पा मारणार तरी कोणाशी? लघवी शहरातून गोळा होई. स्थानिक दगड खरवडून संपत आले तेव्हा लायकेन स्कँडिनेव्हियातून येऊ लागलं.

पुढची गंमत मुलाची. चार्ल्स मॅकिंटॉशला अमोनियासाठी कोळशाच्या गॅसच्या कारखान्यातला टाकाऊ माल मिळाला. अमोनिया काढून घेतल्यावर उरलेल्या डांबराचं करायचं काय, या विचारात त्याला त्यातल्या नॅफ्थात रबर विरघळतं हे हाती लागलं, आणि १८२३ मध्ये जलरोधक कापडाचं पेटंट झालं. इंग्रज आजही रेनकोटला मॅकिंटॉश म्हणतात.

लिटमस त्याच घराण्यातलं. आम्लात लाल आणि अल्कलीत निळा होणारा शाळेच्या प्रयोगशाळेतला कागद मुळात लायकेनच्याच रंगात बुडवलेला. कांद्याच्या मुळाचं टोक चेचून गुणसूत्रं बघताना बीएस्सीची पोरं ॲसिटो-ऑर्सीन घालतात, तेही तेच जांभळं. रंग म्हणून मात्र हे जांभळं कच्चं, उन्हात विटतं. खेड्यातलं तपकिरी क्रॉटल त्याहून टिकाऊ निघालं, पण नाव झालं जांभळ्याचं. रंगांच्या दुनियेतही दिसण्याला मान जास्त.

१८५६ मध्ये विल्यम पर्किननं डांबरातून मॉव्ह हा रंग काढला आणि मग कारखान्याचे स्वस्त रंग एकामागून एक आले. बेटांवर क्रॉटलची भांडी त्यानंतरही बराच काळ चढत राहिली. प्लॉकरापूलच्या मेरियन कॅम्पबेल यांच्यासारख्या विणकरणी विसाव्या शतकातही अंगणात लोकर उकळत होत्या. आज गिरण्यांमध्ये कृत्रिम रंग आहेत. १९९३ च्या हॅरिस ट्वीड कायद्यानुसार शुद्ध नवी लोकर बेटांवरच रंगवायची, बेटांवरच कातायची आणि बेटवासीयांनी आपल्या घरी हातानं विणायची. रंग दगडावरचाच हवा, असं त्यात कुठे नाही. क्रॉटल हे नाव आता तांबूस तपकिरी छटेपुरतं उरलंय.

याचं मला फारसं वाईट वाटत नाही. क्रॉटल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. हाताएवढा डाग म्हणजे कित्येक वर्षांची कमाई, आणि ती चमच्यानं खरवडायला मिनिटभर पुरतं. म्हणून आज हौसेनं रंगवणारे जाणते लोक दगडाला हात लावत नाहीत. वादळ होऊन गेलं की पिशवी घेऊन निघतात, मोडून पडलेल्या फांद्यांवरचं लायकेन तेवढं सोडवून घेतात. हिवाळाभर साठवलं तर मोज्यांच्या जोडीपुरतं जमतं.