एक कप बदाम म्हणजे नेमके किती ग्रॅम? उत्तर एकच नाही!

रीलमध्ये सांगितलं होतं, 'दोन कप बदाम, एक कप साखर'. तुम्ही बदामाची तयार पूड आणली, दोन कप मोजून घेतली आणि वडी थापली. वडी झाली गोडमिट्ट आणि कडक. महागाचे बदाम वाया! मग चुकलं कुठे? तर मापात.

असं का होतं?

कप किंवा वाटी जागा मोजते, वजन नाही. पाणी ओतलं की कप पूर्ण भरतो. सुकामेव्याचं तसं नसतं. दाण्यांच्या मध्ये फटी राहतात आणि त्यात हवा असते. अख्खे, काप की पूड, यावर किती हवा राहणार हे ठरतं.

अमेरिकन कपात (सुमारे २४० मिली) साधारण इतकं वजन बसतं :

• अख्खे बदाम : १४३ ग्रॅम
• बदामाची पूड : ९५ ग्रॅम
• बदामाचे पातळ काप : ९२ ग्रॅम
• अक्रोडाचे अर्धे गर : १०० ग्रॅम
• अक्रोडाचे तुकडे : ११७ ग्रॅम
• कच्चे शेंगदाणे : १४६ ग्रॅम

गंमत बघा. बदामाची पूड केली की कपातलं वजन घटतं, कारण भुसभुशीत पुडीत हवा अडकते. अक्रोडाचं उलट आहे. वेड्यावाकड्या गरांचे तुकडे केले की फटी बुजतात आणि कपात जास्त अक्रोड मावतो.

मग वडीचं काय झालं?

दोन कप अख्खे बदाम म्हणजे सुमारे २८६ ग्रॅम. दोन कप पूड म्हणजे फक्त १९० ग्रॅम. एक कप साखर मात्र दोन्ही वेळा २०० ग्रॅमच. म्हणजे तुमच्या वडीत बदामापेक्षा साखरच जास्त झाली!

म्हणून रेसिपीतले शब्द नीट वाचा. 'एक कप बदाम, पूड करून' म्हणजे आधी मोजा, मग दळा. 'एक कप बदामाची पूड' म्हणजे आधी दळा, मग मोजा.

वजनकाटा नसेल तर?

प्रत्येक घरातली वाटी वेगळी. कपही सगळीकडे सारखा नसतो, ऑस्ट्रेलियात तो २५० मिलीचा असतो. त्यामुळे आपल्या वाटीचा हिशोब आपणच काढून ठेवायचा. बदामाचं २५० ग्रॅमचं नवं पाकीट फोडलं की ते वाटीने मोजा. अडीच वाट्या भरल्या, तर तुमची एक वाटी म्हणजे १०० ग्रॅम. काजू, शेंगदाणे, तयार पूड यांचंही असंच वेगवेगळं मोजा आणि आकडे डब्यावर चिकटवून ठेवा. पूड मोजताना वाटी दाबून भरू नका, वजन बदलतं. बदाम भिजवणार असाल तर आधी मोजा, कारण भिजल्यावर ते फुगतात आणि पाण्याने जडही होतात.