गल्ली अडवण्याची ही रूढी कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका घरी हळद होती. गल्ली जेमतेम बारा फुटांची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मांडव, मधोमध डीजेचे खोके आणि नाक्यावर आडव्या लावलेल्या दोन मोटारसायकली. रात्री नवाच्या सुमारास गल्लीच्या आतल्या टोकाला राहणारे एक काका डायलिसिस करून परतले. रिक्षा नाक्यावरच अडली. चार पावले टाकली की धाप लागणाऱ्या त्या माणसाला शेवटी मांडवातल्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, नाचणाऱ्यांच्या गर्दीतून, दोघांनी उचलून घरी पोचवले. काकू नवरदेवाच्या भावाला एवढेच म्हणाल्या, "बाळा, आधी सांगितलं असतंस तर आज आम्ही लेकीकडे थांबलो असतो." त्यावर उत्तर आले, "काकू, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आपल्या गल्लीत असंच चालतं."

त्या मांडवात आम्हीही जेवायला बसलो होतो. दोन मिनिटे गाणे थांबवा, काकांना वाट द्या, असे म्हणण्याचे धाडस आमच्यापैकी एकालाही झाले नाही. म्हणून या लेखातला पहिला सवाल आमचा आम्हालाच आहे.

'असंच चालतं' हे शब्द आंबेडकरी माणसाच्या तोंडी शोभतात काय? १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर चालत जावे लागले. कारण ठराव कागदावर होता आणि तळ्यावर सत्ता रूढीची होती. पुढे सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. त्यांचा मुख्य आधार काय होता? हेच, की पूर्वापार असेच चालत आले आहे! नऊ वर्षांहून अधिक काळ तो दावा चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अनादी रूढी सिद्ध होत नाही असे सांगून बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. जो युक्तिवाद आपल्या बापाने कोर्टात हरवला, तोच आज आपली पोरे शेजारच्या काकूंना ऐकवतात, याची लाज वाटायला हवी.

रस्त्याची लढाई तर आपल्या रक्तात आहे. १९२४-२५ साली त्रावणकोरमधील वायकोमचा सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द उगाच आलेला नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला रस्ता वापरू न देणे, त्याच्या लग्नाची वरात अडवणे हा गुन्हा आहे. ज्या समाजाच्या वरातीला वाट मिळावी म्हणून कायदा करावा लागला, त्या समाजाच्या वरातीने आपल्याच आजारी माणसाची वाट अडवावी, हे कसले दुर्दैव!

यावर आमचे तरुण मित्र विचारतील, इतरांचे मांडव दहा दहा दिवस रस्त्यात उभे असतात, तेव्हा कुणाला रहदारी आठवत नाही. जयंतीची कमान उभी राहिली की मात्र सगळ्यांना नियम आठवतात, ते कसे? मित्रांनो, हा भेदभाव आम्हीही पाहिला आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. दुसरेही खरे आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाहुणे बसवायचे कुठे? हॉलचे भाडे परवडत नाही. गरिबाला अंगण नसते, गल्ली हेच त्याचे अंगण असते. म्हणून वस्तीत समाजमंदिर, माफक भाड्याचे सभागृह आणि मोकळे मैदान मागणे हा आपला हक्क आहे, आणि निवडणुकीच्या वेळी मते मागायला येणाऱ्यांना हा जाब विचारलाच पाहिजे. पण अंगण साऱ्या गल्लीचे असेल, तर ते एका घराने परस्पर बंद कसे करायचे? प्रस्थापितांच्या चुकीची बरोबरी करणे म्हणजे समता नव्हे.

कायदा काय सांगतो तेही पाहू. रस्त्यावरच्या मांडवांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ व २०१६ साली दिलेल्या आदेशांत चालण्याजोगे रस्ते व पदपथ मिळणे हा नागरिकांचा अधिकार मानला आहे. वाट अडवणारे मांडव त्यात बसत नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवली आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे.

पण पोलीस येण्याची वाट आपण का पाहावी? महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी घ्यावी. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी, अगदी शेवटच्या घरीही, जाऊन विचारावे. कुणी आजारी आहे का, कुणाचे दिवस भरले आहेत का, कुणाची परीक्षा आहे का, रात्रपाळीहून कोण येते? मांडवाच्या एका अंगाने रुग्णवाहिका जाईल एवढी वाट ठेवावी. गल्ली त्याहून अरुंद असेल तर मांडव विहाराच्या आवारात न्यावा. नाक्यावर मोटारसायकली लावण्याऐवजी दोन कार्यकर्ते उभे करावेत. आणि बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयात हळदीच्या डीजेला जागा कुठे आहे, हेही एकदा घरात बसून विचारावे.

जयंती जवळ आली की आपण अठरा अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच वस्तीत भिंतीपलीकडे एखादी मुलगी पुस्तक मिटून कानात बोटे घालून बसली असेल, तर तो अभ्यास कुणासाठी?

शेजाऱ्याला आधी विचारणे यात कमीपणा नाही. बंधुता हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आहे. त्याची परीक्षा गल्लीच्या तोंडाशी होते. पुढच्या रविवारी वस्तीच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडणार आहोत, आणि त्याआधी काकांच्या घरी जाऊन माफी मागणार आहोत. आपणही आपापल्या गल्लीत सुरुवात करा.

जय भीम!