नागिणीचा विळखा आणि खरं घड्याळ

मालाडमध्ये, कुरार गावात काय किंवा मालवणीत काय, कुणाच्या बरगडीवर पाणीदार फोडांचा पट्टा उठला की निदान घरातली आजीच करून मोकळी होते : नागीण. गेरूचा लेप सुरू होतो. मंत्र घालून नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता शेजारीण देते. आणि हळू आवाजात एक धास्तीही सांगितली जाते, नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस वाचत नाही.

हा विळखा सहसा पूर्ण होतच नाही. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून कधी जात नाही; मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो दबा धरून बसतो. पन्नाशी उलटली, आजारपणाने प्रतिकारशक्ती उतरली, की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि तिच्या तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. हा तंतू शरीराची एकच बाजू सांभाळतो, पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत. पट्टाही तिथेच अडतो. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकतात, त्याचं श्रेय गेरूला आणि मंत्राला मिळतं.

घाई करायला हवी, हे मात्र आजीचं बरोबरच असतं. घड्याळ तेवढं निराळं. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचं औषध सुरू झालं तर फायदा सर्वांत जास्त : असायक्लोव्हिरची ८०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. नेमके हेच तीन दिवस लेपात जातात. फोड गेल्यावरही काहींची आग महिनोन्‌महिने राहते. सदऱ्याचा स्पर्शही सोसत नाही. तिथे नेहमीची वेदनाशामकं फारशी चालत नाहीत. दुखावलेल्या तंतूला शांत करणाऱ्या प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या द्याव्या लागतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळा धोक्यात असू शकतो. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, तर तो जेम्स रॅम्से हंट यांनी १९०७ साली वर्णन केलेला विकार. २०२२ मध्ये गायक जस्टिन बीबरला तोच झाला आणि कार्यक्रम थांबवावे लागले. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतात मिळते, पण ती महाग आहे.

याच हर्पिस कुळातला दुसरा विषाणू जास्त ओळखीचा, कारण तापात ओठाच्या कडेला फोड आणणारा तो हाच. क्वचित, वर्षाला दहा लाखांत दोन-चार जणांच्या मेंदूत, तो शिरतो. ताप आणि डोकेदुखी तर असतेच, पण घरच्यांना आधी खटकतं ते वागणं. माणूस भलतंसलतं बोलतो, रोजची नावं विसरतो, नसलेले वास येतात म्हणतो. मग फिट येते. ‘बाहेरचं लागलं’ असं वाटायला एवढं पुरेसं असतं.

मेंदूज्वर म्हटला की डॉक्टरांचेही हात बरेचदा बांधलेले असतात. १९६५ साली नागपूरजवळच्या गावात सापडून त्या गावाचंच नाव मिळालेल्या चांदीपुरा विषाणूवर किंवा जपानी मेंदूज्वरावर थेट औषध नाही. हर्पिसच्या मेंदूज्वरावर आहे. म्हणून नुसता संशय आला तरी तपासणीचा अहवाल येण्याची वाट न बघता असायक्लोव्हिर शिरेतून सुरू करतात, दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस. गोळीने इथे भागत नाही. औषध मूत्रपिंडात साचू नये म्हणून सलाईनही पुरेसं द्यावं लागतं.

या औषधाची खुबी मोठी मजेची आहे. शरीरात ते निजलेलंच फिरतं. विषाणूचं स्वतःचं विकर त्याला जागं करतं, आणि जागं झालेलं औषध विषाणूच्याच डीएनएची वाढती साखळी मध्येच थांबवतं. चोराने स्वतःच्या हाताने बेडी अडकवावी तसं. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. उपचार नसताना हर्पिसच्या मेंदूज्वरात शंभरातले सुमारे सत्तर दगावत. असायक्लोव्हिरने १९८६ च्या अमेरिकी चाचणीत ते प्रमाण २८ वर आणलं. वाचलेल्यांचंही सगळं परत येतंच असं नाही. ब्रिटिश संगीतकार क्लाइव्ह वेअरिंग यांना मार्च १९८५ मध्ये हा आजार झाला. त्यानंतर नवी आठवण काही सेकंदांपलीकडे टिकेना. बायकोची ओळख आणि पियानो तेवढे शाबूत राहिले.

तापात फिट आली, बोलणं बिघडलं, तर गल्लीतल्या दवाखान्यात दोन दिवस ‘बघू’ म्हणण्याचं हे दुखणं नव्हे. एमआरआय आणि मेंदूविकारतज्ज्ञ असलेलं मोठं रुग्णालय गाठावं लागतं. तिथे डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात आणि नातेवाईक दचकतात. त्याने माणूस लुळा पडतो, ही समजूत नागिणीच्या विळख्याइतकीच जुनी. त्या पाण्यातच विषाणूचा माग लागतो. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमधून जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो.