डोंगरावरील ध्वनीची जोडणी

चैत्र पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या आणि राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधविलेल्या मंदिराचा काळा पाषाण गुलालाने माखून निघाला, म्हणजे हलगी, पिपाणी आणि असंख्य कंठांतून उठणारे ‘चांगभलं’ यांच्या मिश्र घोषातून चुकलेल्या मुलाचे नाव त्याच्या आईच्या कानी स्पष्ट पोहोचविणे, हे ध्वनिवर्धकाचे पहिले कर्तव्य ठरते. खाली कोल्हापुरात एखाद्या वाद्यवृंदातील बेस गिटारीचा खर्ज श्रोत्याच्या छातीत भरविणे, हे त्याच विद्येचे अगदी निराळे कार्य होय. यंत्र दोन्हींकडे असते. भेद असतो तो जोडणीचा, आणि कारागिराची खरी पारख तेथेच होते असे माझे मत आहे.

बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता सेकंदास सुमारे ४१ कंपने होतात व त्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. एवढी लाट उठविण्यास हवा पुष्कळ ढकलावी लागते. म्हणून स्पीकरच्या एका पेटीवर न भागता दुसरी आणावी लागते, आणि ती आली की ओहमांचा हिशेब सुरू होतो. ८ ओहमांच्या दोन पेट्या पॅरलल जोडल्या तर भार ४ ओहमांवर उतरतो आणि यंत्रातून प्रवाह जवळजवळ दुप्पट वाहतो. त्याच सिरीजमध्ये जोडल्या तर १६ ओहम होतात, आवाजाची शक्ती घटते आणि एकीची तार तुटताच दुसरीही मुकी होते. चार पेट्यांच्या दोन जोड्या सिरीजमध्ये बांधून त्या जोड्या पॅरलल लावल्या, तर भार पुन्हा ८ ओहमांवर येतो. ही तजवीज मला फार सुंदर वाटते. यंत्राच्या पाठीवर लिहिलेली किमान ओहमांची मर्यादा हा हुकूमच समजावा. ४ ओहमांची मर्यादा असता ८ व ४ ओहमांच्या पेट्या पॅरलल लादल्या की भार २.६७ होतो, आणि लहान ओहमांची पेटी दुप्पट वाटा ओढते. व्हॉल्व्हचे यंत्र तर पेटी जोडल्यावाचून कधीही वाजवू नये. शिवाय एका पेटीच्या तारा उलट लागल्या, तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे सरतो आणि नेमका खर्जच नाहीसा होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पडद्याची दिशा पाहण्याची जुनी रीत याचसाठी.

समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फुटांवरच्या जोतिबाच्या विस्तीर्ण डोंगरावर हे गणित अपुरे पडते, कारण कर्णे दूरदूर टांगावे लागतात आणि लांब तारच शक्ती गिळून टाकते. ४ ओहमांच्या भारात २०० वॉट पाठवावयाचे तर तारेतून सुमारे ७ अँपिअर वाहतात. तेच १०० व्होल्टच्या लाइनवर पाठविले तर २ अँपिअर पुरतात, आणि हानी प्रवाहाच्या वर्गाने ठरत असल्यामुळे त्याच तारेत ती बाराव्या हिश्शावर येते. प्रत्येक कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवर वॉटांचे टप्पे असतात. उसाच्या फडात पाटाचे पाणी सरीसरीला वाटून द्यावे तशी ही वाटणी होते, एवढेच की साऱ्या टप्प्यांची बेरीज यंत्राच्या वॉटांवर जाता कामा नये. १० वॉटांचे वीस कर्णे २५० वॉटांचे यंत्र सुखाने पेलते. मी तर याहून लहान टप्प्यांचे अधिक कर्णे जवळजवळ लावावे असे म्हणेन. कारण १०० मीटरांवरच्या कर्ण्याचा आवाज सुमारे ०.३ सेकंद उशिरा येतो आणि दोन मोठे कर्णे परस्परांचे शब्द पुसून टाकतात.