काउंट उतरल्यावरची गोळी

केमोथेरपीनंतर आठवड्याभरात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, उतरू लागतात आणि संसर्गाच्या भीतीने घरच्यांची नजर थर्मामीटरवर खिळते. ही भीती आकड्यांत मांडली ती १९६६ साली अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली गेल्या की संसर्ग वाढतो आणि शंभराच्या खाली तो जिवावर बेततो, हे त्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांत दाखवले. मग ताप येण्याआधीच औषध का देऊ नये? १९७७ साली मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातून पहिले खणखणीत उत्तर आले. कर्करोगाच्या ज्या ८० मुलांना को-ट्रायमॉक्साझोल दिले, त्यांतल्या एकालाही न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला नाही. औषधाविना राहिलेल्या ८० पैकी १७ मुलांना तो झाला. एका ठरावीक जंतूवर रोखलेले ते औषध आजही टिकून आहे, आणि ते योग्यच आहे.

सगळ्याच जिवाणूंना अडवू पाहणाऱ्या फ्लुरोक्विनोलोनची कथा मात्र वेगळी. २००५ साली इटलीतील ७६० रुग्णांच्या चाचणीत याच गटातल्या लेव्होफ्लॉक्सासिनमुळे ताप येणाऱ्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ६५ वर आले. त्याच वर्षी ९५ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात अशा प्रतिबंधक औषधांनी मृत्यूही सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. एवढा पुरावा असताना हात आखडता का घ्यायचा, हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यांतल्या अनेक चाचण्या जुन्या काळच्या होत्या. पुढच्या चाचण्या तपासणाऱ्या २०१८ च्या युरोपीय आढाव्यात ताप आणि रक्तातला संसर्ग कमी झाला, मृत्यू मात्र घटले नाहीत. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे. ही गोळी आतड्यातले जिवाणू तिला बधतात तोवरच राखण करते, आणि ते बधणे रोजच्या वापराने झिजत जाते.

भारतात हे बधणे आधीच फार झिजले आहे. आपल्या रुग्णालयांत सापडणारे बहुतेक ई. कोलाय, म्हणजे आतड्यातलेच जिवाणू, या औषधांना दाद देत नाहीत. मग ही गोळी सुचवणारी परदेशी नियमावली जशीच्या तशी उचलून कोणाचे रक्षण होणार? कोणी म्हणेल, समोरचा रुग्ण महत्त्वाचा, समाजाचे नंतर पाहू. पण गोळीला पुरून उरलेला जिवाणू त्याच रुग्णाच्या आतड्यात वाढतो आणि पुढच्या तापात त्याच्याच रक्तात उतरतो. शिवाय क्षयावरही चालणारे हे औषध त्या रोगाचे निदान लांबवते, ही आपल्याकडे लहान बाब नव्हे. सरसकट नकारही चुकीचा ठरेल. २०१८ मध्येच ल्युकेमियाच्या मुलांत लेव्होफ्लॉक्सासिनने रक्तातला संसर्ग ४३ टक्क्यांवरून २२ वर आणला होता. म्हणून प्रत्येक कर्करोग विभागाने आधी आपल्याच वॉर्डातले कल्चर रिपोर्ट काढून पाहावेत. जिथे जिवाणू अजून बधतात, तिथे काउंट फार खाली जाऊन बरेच दिवस तसेच राहणाऱ्या रुग्णांनाच ही गोळी द्यावी. जिथे बधत नाहीत, तिथे ती बंद करावी आणि ताप दिसताच तासाभरात शिरेतून योग्य प्रतिजैविक सुरू होईल एवढी तयारी ठेवावी.