लुआमधील त्रुटी-हाताळणी

लुआमधील त्रुटी-हाताळणी म्हणजे लुआ या भाषेतील स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या अंतर्गत चालत असताना उद्भवणाऱ्या त्रुटी पकडण्याची व त्या प्रोग्रॅमला कळविण्याची पद्धत होय. स्क्रिप्ट चुकली तरी तिला चालविणारा प्रोग्रॅम बंद पडू नये, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे.

पार्श्वभूमी

लुआ ही भाषा १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील पाँटिफिकल कॅथोलिक विद्यापीठात तयार झाली. तिचा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला असून तो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये बसविता येतो. अशा प्रोग्रॅमला यजमान प्रोग्रॅम म्हणतात. स्क्रिप्ट बहुधा यजमान प्रोग्रॅमच्या लेखकाने नव्हे, तर वापरकर्त्याने लिहिलेली असते. त्यामुळे तिच्यातील चुका गृहीत धरूनच यजमानाची रचना करावी लागते.

कार्यपद्धती

स्क्रिप्ट चालविण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात मजकुराचे संकलन होते व व्याकरणाच्या चुका तेथेच उघड होतात. दुसऱ्या टप्प्यात संकलित फंक्शन चालविले जाते; संख्येत रिक्त मूल्य मिळविण्यासारख्या चुका या वेळी लक्षात येतात. दुसऱ्या टप्प्यासाठी ‘पीकॉल’ हे संरक्षित आवाहन वापरतात. काम सुरळीत झाल्यास सी भाषेतील यजमानाला ० हा संकेतांक मिळतो. त्रुटी आल्यास वेगळा संकेतांक मिळतो व स्टॅकवर त्रुटीचा संदेश ठेवला जातो. संदेशात सहसा स्क्रिप्टचे नाव व ओळीचा क्रमांक असतो. त्रुटी नेमकी कोणत्या फंक्शनमालिकेतून आली हे हवे असल्यास संदेश-हाताळक फंक्शन जोडतात. ते स्टॅक उलगडण्यापूर्वी चालते, म्हणून ही माहिती तोवर उपलब्ध असते.

संरक्षित आवाहनाबाहेर त्रुटी आल्यास लुआ ‘पॅनिक’ फंक्शन चालविते. त्यातून नियंत्रण परतल्यास संपूर्ण यजमान प्रोग्रॅम संपुष्टात येतो.

मर्यादा

संरक्षित आवाहन त्रुटीपूर्वी झालेले बदल मागे घेत नाही. अर्धवट भरलेली सारणी तशीच राहते. ती पूर्ववत करणे हे प्रोग्रॅमरचे काम आहे. तसेच न संपणारे चक्र ही लुआच्या दृष्टीने त्रुटी नसते. ते थांबविण्यासाठी ठरावीक सूचनांनंतर चालणारे ‘हूक’ बसवून त्यातून मुद्दाम त्रुटी निर्माण करता येते.

सी भाषेतील लुआ त्रुटीच्या वेळी ‘लाँगजंप’द्वारे थेट मागे उडी घेते. त्यामुळे सी++ मधील यजमानाच्या वस्तूंचे विनाशक फंक्शन चालत नाही व उघडलेल्या फाइली तशाच राहू शकतात. लुआ सी++ म्हणून संकलित केल्यास ही उडी अपवादांद्वारे घेतली जाते व ही अडचण टळते.

विकिपीडियावरील वापर

विकिपीडियावरील विभाग लुआमध्ये लिहिलेले असून ते ‘स्क्रिबंटो’ या विस्ताराद्वारे चालतात. एखादा विभाग चुकल्यास त्या जागी लाल अक्षरांत त्रुटीसंदेश दिसतो, परंतु पानाचा उर्वरित मजकूर वाचता येतो.